बाटलीवरची मोसंबी

मला तोंडाळ म्हणा, पण त्या दिवशी मी बराबरच बोलले. भोकरदनच्या स्टँडवर आम्ही जालन्याच्या बसमधी बसलो होतो. ह्यांचे मामा आम्हाला बसवून द्यायला आल्ते. त्यांनी खिडकीतून पिवळ्याजर्द थंड्याची बाटली माझ्या तीन वर्षांच्या पोरीपुढं धरली.

मी म्हणलं, "नको मामा, तिच्यापुरतं पाणी हाय."

"नातीला निस्त्या पाण्यावर पाठवू का? लोक काय म्हणतील?"

ह्यांनी मला डोळ्यानं खुणावलं, घेऊन टाक म्हणून. मी कशाला घेते!

"मामा, त्याच्यात साखर अन् रंग, दुसरं काही न्हाई."

"रंग कशाचा? मोसंबी हाय! हे बघ, चित्र हाय वर."

"तुमच्या फवारणीच्या औषधाच्या डब्यावर कापसाचं बोंड असतं. मंग त्याच्यात काय कापूस असतो?"

सगळी बस हसली. मामा बाटली घेऊन तसेच माघारी गेले. मला वाटलं, आता बोलणं बंद.

पुढच्या खेपेला मामा पुन्हा स्टँडवर हजर. हातात घरच्या माठातलं पाणी भरलेली स्टीलची बाटली. माझ्यासमोर चारी बाजूंनी फिरवली अन् म्हणले, "पाहून घे सूनबाई, कुठंच चित्र न्हाई."