पहिल्या नंबरचं पुस्तक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे कार्याध्यक्ष माननीय अमरसिंहदादा, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती ग्रंथपाल धम्मपाल सर, आणि चहा थंड होतोय हे माहीत असूनही बसून राहिलेल्या माझ्या वाचकहो, सर्वांना नमस्कार.

सहायक ग्रंथपाल म्हणून मी, वर्षाराणीनं, सरांबद्दल दोन शब्द बोलावेत, असं ठरलं. मी कागद लिहून आणलाय. पण तो राहू दे बाजूला. हसू नका हो, मला वेगळंच सांगायचंय.

आपल्या बालविभागात ‘आटलेलं शहर’ ही चार पुस्तकांची मालिका आहे. पाण्यावर पहारा बसवणारा क्रूर राज्यपाल, आणि त्याच्याशी झुंजणारी पोरं. अगदी पानं सुटेपर्यंत वाचलीय मुलांनी. दोन वर्षांपूर्वी पाचवं पुस्तक आलं, त्या राज्यपालाच्या लहानपणाचं. सर तेव्हा भाचीच्या लग्नाला मलकापूरला गेले होते. आपल्याकडं मुलं पुस्तकाच्या पाठीवरचा लाल नंबर बघूनच पुस्तक उचलतात. गोष्ट आधीची, म्हणजे नंबर पहिला, असं ठरवून कुणीतरी त्याच्यावर ‘१’ चिकटवला आणि बाकीच्यांचे नंबर एकेकानं वाढवले. पुस्तक न वाचताच!

मग काय व्हायचं? नवीन मुलांनी तेच आधी वाचलं. तहानलेलं, अनाथ पोरगं ते, त्याच्यावर जीवच जडला सगळ्यांचा. रविवारच्या वाचनकट्ट्यावर सातवीतली मोना उठली आणि ठणकावून म्हणाली, “राज्यपालाचं बरोबरच हाय की! पाणी चोरत्यात, तर मारायलाच पायजे!” पालक खवळले. वाचनालय हुकूमशहाचे चेले तयार करतंय, म्हणाले. मंडळानं सरांना लेखी ताकीद दिली. सर एवढंच बोलले, “विभाग माझा, चूक माझी.”

तो नंबर मी चिकटवला होता.

थांबा दादा, बोलू द्या मला. त्याच महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. मी गप्प बसले. सरांना सगळं माहीत होतं, कामाला आम्ही दोघंच तर होतो! ते गुमान नंबर खरवडत बसले आणि मला म्हणाले, “वर्षाराणी, आधी वाच, मग चिकटव.”

तरी मी वाचलं नाही. धीरच होईना. गेल्या आठवड्यात हुपरीच्या एसटीत शेवटी उघडलं. त्या पोराच्या हातून हौदाची किल्ली हरवते, शिक्षा म्हाताऱ्या पहारेकऱ्याला होते, आणि पोरगं गप्प बसतं. बस्स, तिथनं त्याचा राज्यपाल व्हायला सुरुवात होते. माझा थांबा कधी मागं गेला, मला कळलंच नाही. त्या पोराच्या वाटेवर मी कितव्या पानावर आहे, हाच विचार. लाज वाटली हो मला स्वतःची.

सर मान हलवतायत, खाली बस म्हणतायत. नाही बसणार, सर. छत्तीस वर्षांच्या तुमच्या फायलीत ठपक्याचा एकच कागद आहे, आणि तो माझा आहे. दादा, सरांच्या खांद्यावर शाल घालायच्या आधी त्या कागदावरचं नाव बदला.

आपण ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. ती दोन वर्षांपूर्वीची चूक मात्र पोटात घालू नका. ती माझ्या नावावर लिहा.