आधी विमान, मग रिमोट

नाय नाय, दचकू नका, रिमोट हाय तो, तसाच वाजतो – बराच वेळ कुणी हात नाय लावला की टीं टीं करतो – थांबा, मीच लावते – हे बघा, उजवी दांडी जराशी हलवायची न सोडून द्यायची, आपली आपण मधी येते. झाला गप. बसा तुमी. खुर्चीवर नको, ती डुगडुगते, पलंगावर बसा. कल्याणवरनं मुरबाडपर्यंत एष्टी न पुढं जीप – कंबर मोडली असेल. तर भाऊ, विमानाच्या मोटारी या डब्यात, सगळ्या चालू. हे पंखे, हे स्पीड कंट्रोलर. बॅटऱ्या बाहेर पत्र्याच्या पेटीत ठेवल्यात, त्यातल्या फुगलेल्या घेऊ नका, पेटतात मेल्या. फोमच्या शीटा माळ्यावर. न ही तारेची कमान – तार गरम करून फोम कापायचे हे, लोण्यासारखा कापला जायचा. सगळं न्या. रिमोट तेवढा नाय.

जाहिरातीत होता? असेल. जाहिरात मनोज भाऊजींनी टाकली, माझ्या धाकट्या दिरांनी. त्यांना वाटतं हे सामान घरातनं गेलं की माझं डोकं जाग्यावर येईल – तोंडानं बोलत नायत, पण मला कळतं ना. सासूबायनी तर भगत आणला होता. त्यानं तांदूळ टाकले, रिमोटकडं बघितलं न म्हणाला, यातलं मला काय समजत नाय. चांगला माणूस, खोटं नाय बोलला.

हां, चालूच हाय तो. बरोबर बघितलंत. ह्यांना जाऊन वर्ष होईल आता मार्गशीर्षात, तेव्हापासनं चालूच. चार्जर लावून ठेवते. तुमी स्वतः उडवता ना? मंग तुमाला काय सांगायचं – चालू करताना आधी रिमोट, मंग विमान, न बंद करताना आधी विमान, मंग रिमोट. पहिल्या दिवशी मला हेच शिकवलं ह्यांनी, विमान जित्तं असताना रिमोट बंद केलास तर ते कुणाचंच ऐकायचं नाय म्हणून. आता विमान उतरलंच नाय, गेलं ते गेलं आजोबाच्या डोंगराकडं, तर मी रिमोट बंद कसा करू? तुमीच सांगा.

विमानाची बॅटरी चार मिनिटं पुरते, माहीत हाय हो मला. सगळे तेच सांगतात.

ह्यांचा धंदा मखरांचा. गणपतीची थर्माकोलची मखरं – डोळखांबपासनं न्यायला यायचे लोक. मंग बंदी आली न घरभर शीटा उरल्या. दुसरा कुणी डोक्याला हात लावून बसला असता, ह्यांनी त्यातनं विमान कापलं. पहिलं नुसतं भेलकांडलं. दुसरं उडालं. न मंग कसलं याड लागलं – वेगाचं. फोम बदलला, फायबरची टेप ताणून बसवायचे पंखांना, मोटार मोठी, बॅटरी मोठी, विमान मात्र एवढंसं. किंचाळत जायचं. वाडीतली पोरं त्याला गांधीलमाशी म्हणायची. चाकं नायत, पंखा मागं – म्हणजे फेकायला माणूस पायजे. ती मी. भात कापून झालं की खाचरात जायचो, हे रिमोट धरून उभे न मी विमान डोक्यावर धरून – "संजे, भाकरी टाकल्यासारखं टाकू नको, जोर लाव." हे बोट बघा, शिवलंय. पंख्यात गेलं होतं एकदा. तेव्हा हे रडले होते, मी नाय रडले. लोक हसायचे आमाला, या वयात काय थेरं म्हणून. हसू देत. माझ्या हातातनं ते सुटायचं ना भाऊ, तो जो झटका बसायचा खांद्याला – तसं सुख मला कशात मिळालं नाय.

फेकलं की माझं काम बघायचं. हे म्हणायचे, नजर काढू नको, एवढंसं विमान, डोळा हलला की गेलं. न मोबाइल बांधावर ठेवायचे, आवाज भरायला – येतानाचा आवाज न जातानाचा आवाज, त्यावरनं वेग काढायचे घरी बसून. तर त्या दिवशी मी फेकलं, ते वर गेलं, वळलं, खाली आलं सूं करत – एवढं जोरात कधीच आलं नव्हतं – न गेलं. सरळ. मी म्हणतेय वळवा ना. वळवा, लांब चाललं. मागं काय तरी बसल्यासारखा आवाज आला, मला वाटलं दमले, बसले बांधावर. मी नजर नाय काढली. काढायची नव्हती ना. ठिपका होईपर्यंत बघितलं, ठिपका पण गेला, मंग वळले तर हे आडवे, रिमोट छातीवर. डॉक्टर म्हणाला खाली पडायच्या आधीच गेले असतील. म्हणजे मी कुणाला म्हणत होते वळवा वळवा? मोबाइलमधी हाय सगळं. विमानाचा आवाज येतो, जातो, बारीक होत होत संपतो न मंग नुसती मी. दुपारी घर शांत असलं की तेच ऐकू येतं, मोबाइल बंद असला तरी.

नको, नका ऐकू. तुमी उडवणारे, तुमच्या कानात बसेल.

पावसात दोन दिवस लाईट नव्हती. तेव्हा रिमोट डब्यात ठेवून, पिशवीत घालून चार्जिंगला शहापूरला नेला, बहिणीकडं. एष्टीत वाजला. कंडक्टर म्हणाला, बाय, पिशवीत काय वाजतंय? म्हटलं, मिस्टर. तोंडातनं गेलं. पुढं शहापूरपर्यंत माझ्या शेजारी कुणी बसलं नाय.

तर विमानाचं सामान सगळं देते तुमाला, मोटार पण चांगल्यातली हाय त्याची, पंखा पण शाबूत, नाकाला तेवढा टवका पडलाय –

काय? कुठल्या विमानाच्या नाकाला?

भाऊ, तुमी पण ना, बारीक ऐकता. बरं. बोलले तर बोलले. हाय ते घरात. त्या कणगीच्या मागं, गोधडीत. वाडीतल्या बुध्यादादाला करवंदाच्या जाळीत मिळालं उन्हाळ्यात, तो पाला आणायला गेला होता. बॅटरी कधीच मेलेली. कुणाला सांगू नको म्हटलं, त्यानं नाय सांगितलं. सासूबायना माहीत नाय, भाऊजींना माहीत नाय. म्हणजे नियमानं बघितलं तर – हो. करायला पायजे होता मी रिमोट बंद. करेन की. तुमी बघा तोवर सामान, मी चहाचं बघते, दूध उतू जाईल.

घ्या. साखर कमी असेल तर सांगा – परत वाजला ना? आतनं ऐकलं मी. तुमी गप केलात, बरं केलंत.

भाऊ.

डावी दांडी खाली कशी?

नाय, सांगा ना. तुमी घेतलीत?

हां. सवयीनं. वर दिसली म्हणून. सगळे तसंच करतात, रिमोट हातात आला न डावी, वेगाची, वर दिसली की आधी खाली घेतात, उगाच पंखा फिरायला नको – हे पण तेच करायचे. तुमची काय चूक.

ती वर होती हो. ह्यांच्या अंगठ्यानं वर गेली होती, फुल्ल. उजवीसारखी ती परत येत नाय ना, जिथं माणूस सोडतो तिथं राहते. विमानाचं काय, विमान आलं घरी. बंद केला असता तर परत चालू करताना आधी डावी खाली घ्या म्हणून ओरडला असता तो, म्हणून बंद नव्हते करत. कपडे सासूबायनी वाटून टाकले, चपला कुत्र्यानं नेल्या. ह्यांनी ठेवलेलं, कुणी न हलवलेलं, या घरात तेवढंच होतं. मी तिथली धूळ पण पुसत नव्हते.

नका, परत वर नका नेऊ. तुमी नेलीत तर ती तुमची, मी नेली तर माझी. काय उपयोग.

रागावले नाय. चहा राहू दे. उठा तुमी, अंधार पडला की जीप मिळत नाय. पेटी घ्या, डबा घ्या. न तो रिमोट पण न्या. न्या म्हणते ना. मधलं बटण दाबून धरलं की बंद होतो, पण इथं नको – बंद होताना वाजतो तो. तिकडं, रस्त्याला लागल्यावर करा. मला ऐकू येईल एवढ्यात नका करू. जा.