टेबलाखालची मागणी

आर्थर : दिवा हिरवा लागलाय, मग गाडी मालधक्क्याकडे का निघाली, ट्रेव्हर?

ट्रेव्हर : मला काय विचारता, मिस्टर थ्वेट? इथे टेबलाखालून तुमच्या सपाता तेवढ्या दिसतायत.

आर्थर : गेली! इंजिन आडवं, डबे उताणे! अरे, रूळ बदलणारा सांधा जागचा हललाच नाही. फटीत खडीचा दाणा अडकलाय.

ट्रेव्हर : पण दिवा तर लागला ना?

आर्थर : तोच तर घोळ! तू दिव्याची तार सरळ बटणाला जोडलीस. बटण दाबलं की पेटला, रूळ सरको न सरको. जन्मभर सिग्नलची केबिन सांभाळली मी. असा खोटारडा दिवा तिथे असता तर?

ट्रेव्हर : पण ही खेळण्यातली गाडी आहे हो.

आर्थर : कसली?

ट्रेव्हर : काही नाही. काय करू सांगा.

आर्थर : सांध्याच्या मोटरला बारकासा स्विच आहे बघ. दांडा पार पलीकडे पोचला तरच तो जुळतो. दिवा त्याच्यावर घे.

ट्रेव्हर : घेतो. मिस्टर थ्वेट, आज मी खरं तर वेगळ्याच कामासाठी आलो होतो.

आर्थर : ठाऊक आहे. टाय लावून कुणी तारा जोडायला येत नाही. आधी ती लाल तार सोल.

ट्रेव्हर : आई गं!

आर्थर : भाजलं? सोल्डरिंग आयर्न मागून धरतात, लेका.

ट्रेव्हर : झालं. दाबा बटण.

आर्थर : थांब, खडीचा दाणा मुद्दाम परत ठेवतो. हं. नाही पेटला! वा रे पठ्ठ्या! आता दाणा काढला... लागला हिरवा. शाब्बास! बोल आता.

ट्रेव्हर : इथूनच?

आर्थर : तिथूनच. मलाही तोंड बघायला नको, तुलाही.

ट्रेव्हर : मला हिलरीशी लग्न करायचंय. तुमची परवानगी हवी.

आर्थर : तिला विचारलंस?

ट्रेव्हर : विचारलं. हसली.

आर्थर : हसली म्हणजे तू बटण दाबलंस, एवढंच. हो म्हणाली का?

ट्रेव्हर : म्हणजे... तसं... मला वाटतं...

आर्थर : हिलरी! ए हिलरी! हा लग्नाचं म्हणतोय, खरं का?

हिलरी : (खालून, जिन्याच्या पायथ्याशी) हो म्हणाले मी, बाबा! दोनदा म्हणाले! हा कानात बोळे घालून बसला असेल तर मी काय करू? आणि खाली या दोघं, बीफचं कातडं व्हायला लागलंय!

ट्रेव्हर : दोनदा?

आर्थर : डोकं सांभाळ!

ट्रेव्हर : आपटलंच.

आर्थर : ये बाहेर. हात दे. हिची आई गेल्यापासून हीच चहा घेऊन वर येते बघ, रोज. घर खायला उठेल मला.

ट्रेव्हर : आम्ही दोन गल्ल्या सोडून राहणार आहोत, मिस्टर थ्वेट.

आर्थर : आर्थर म्हण.

ट्रेव्हर : बरं... आर्थर. ही हत्यारं पेटीत भरू ना?

आर्थर : राहू देत इथेच. पलीकडच्या सांध्याचा दिवाही खोटंच बोलतोय.