पुढे पळणारं घड्याळ

सून : …आणि वेळ संपायच्या आतच माझा पेपर झाला, बाबा. वर एकदा सगळा तपासूनही झाला.

सासरे : अगं, छान झालं की! मग तोंड का असं?

सून : घरी एकदाही होत नाही म्हणून. लॉच्या प्रवेश परीक्षेचा सराव इथे केला की तर्काचे प्रश्न राहतातच. आज वाचनालयात तसलाच पेपर, तेवढाच वेळ, आणि काही म्हणता काही राहिलं नाही.

सासरे : चार लोकांत बसलं की हुरूप येतो. चहा टाकू?

सून : चहा राहू द्या. हे टेबलावरचं घड्याळ बघा. शेजारी माझा मोबाइल धरते. आता बघा. उगाच चष्मा पुसू नका.

सासरे : जरा पुढे आहे.

सून : जरा? सकाळीच मोबाइलशी जुळवून ठेवलं होतं मी. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलीत, तुमच्या हाताखालचं घड्याळ आपण होऊन पळत नाही. भिंतीवरचं साफ करायला उतरवलंत, ते अजून खोललेलंच. मोबाइल कपाटात ठेवायला लावलात. लक्ष जातं म्हणे!

सासरे : मागे एक बारीक पट्टी असते. नखानं ढकलली की काटे भरभर…

सून : पट्टीचं नका सांगू. का ढकललीत ते सांगा.

सासरे : तुला ठाऊक आहे, पोरी.

सून : तुमच्या तोंडून ऐकायचंय. सरावातल्या त्या कमी गुणांवर भरवसा ठेवून अर्जात मी एकच कॉलेज टाकलं, इथलं. आपली झेप एवढीच, असं मनाला समजावलं. नळ सोडून रडले न्हाणीघरात.

सासरे : ऐकू यायचं.

सून : ऐकू यायचं? आणि तरी?

सासरे : नळ बंद झाला की तू बाहेर यायचीस. समोर बसून जेवायचीस. मी तेवढंच धरून बसायचो. पोरगा गेला, दुकान गेलं. आता माणसाचा आवाज म्हणजे तुझा, नाहीतर जिन्यात दुसऱ्याच कुणाच्या घरी जाणारी पावलं.

(सासरे घड्याळ हळूच पालथं घालतात, झोपलेल्या लेकराला कुशीवर वळवावं तसं.)

सून : तो माझाही होता, बाबा. कारखान्यातल्या अपघाताच्या खटल्यात वकील त्याच्याबद्दल बोलत होते. माझ्या माणसाबद्दल! आणि मला त्यातलं एक वाक्य कळत नव्हतं. कोर्टातल्या त्याच बाकावर मी ठरवलं, हे शिकायचं. तुम्ही शेजारीच होता.

सासरे : होतो. माझा हात घट्ट धरला होतास.

सून : हो.

सासरे : अर्ज बदलता येतो?

सून : आजच्या दिवस येतो. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, एकाच दारात बसू नकोस. हात पुरेल न पुरेल असं एक कॉलेज वर ठेव, मध्ये आपल्या गुणांत बसणारी, आणि तळाला खात्रीचं.

सासरे : मग वरचं कुठलं?

सून : लांबचं. तिथेच राहावं लागेल.

सासरे : भर.

सून : बघा हं. विधान एक : सून शिकायला लांब जाईल. विधान दोन : सासऱ्यांना गॅस बंद करायचं आठवत नाही. निष्कर्ष काढा.

सासरे : निष्कर्ष, म्हातारा आठवायला शिकेल. भर म्हणतो ना!

सून : माझा राग अजून गेलेला नाही.

सासरे : रागातच भर. राग ओसरला की तुला माझी दया येईल, आणि इथलं कॉलेज पुन्हा वर चढेल.

सून : …भरलं. लांबचं पहिलं. इथलं सगळ्यात खाली.

सासरे : बरं केलंस. तिथे ओळखीचं कुणी आहे तुझं?

सून : नाही, बाबा. कुणीच नाही.