नाकातला इलेक्ट्रॉन

नवागामच्या दवाखान्यात रांग हलेना. मंगलाबाईने डोळे मिटले, पण कान पुढच्या बापलेकीकडेच.

“पप्पा, वास ओळखताना नाकातला इलेक्ट्रॉन भिंतीतून आरपार जातो म्हणे. क्वांटम!”

“गेटपास न दाखवता?”

“शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, पक्कं नाही.”

“मग माझा दमला असेल, बेटा. वीस वर्षं मिलमध्ये रंगाच्या वाफेत उभा आहे.”

“काल गॅस सुटला होता अन् तुम्ही काडी ओढत होते! डॉक्टरला खरं सांगा, वासच येत नाही.”

“डॉक्टरने कागदावर लिहिलं तर शेठ म्हणेल, केमिकलचा वास कळत नाही, घरी बस.”

“आणि घरच पेटलं तर?”

“बरं, सांगतो. पण तुझ्या मायजवळ बोलू नको.”

“का?”

“रोज तिला म्हणतो ना, भाजीला काय वास सुटलाय!”