फुगे कोण फुगवणार

हार्डवेअरच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे लग्न ठरलेलं एक जोडपं होतं. तो वैतागला होता.

“कमान मी ठोकायची, केकही मीच करायचा. निदान फुग्यांना तरी पंप घेऊ!”

“फुगे माझे आईबाबा फुगवतील.”

“एकत्र? घटस्फोट झाल्यापासून एकमेकांचं तोंड बघत नाहीत ते!”

“तोंडात फुगा असला की भांडता येत नाही.”

“पण बाबा तर लग्नालाच येणार नव्हते ना?”

“त्यांना म्हटलं, आई म्हणते, तुमच्यात आता फुगा फुगवायचाही दम नाही.”

“मग?”

“आदल्या दिवशीच येतो म्हणाले.”

“आई खरंच असं बोलल्या?”

“छे! आई म्हणाली, त्यांना दमा आहे, त्यांच्या वाटचेही मीच फुगवीन.”