वरातीच्या गाडीवरचे ओरखडे

कासम, त्याचा मुलगा इब्राहिम, त्याचा हसन आणि हसनचा हा नुरुद्दीन मिस्त्री. वेंगुर्ल्यास एस.टी.ची वाट पाहत असता शेजारच्या गॅरेजातले त्याचे आणि दाजी परबांचे बोलणे माझ्या कानी आले.

"दाजीनु, गाडी वाळू नि काथ्यान घासलात?"

"होडी तशीच घासतंव. उद्या माझ्या चेडवाच्या लग्नाची वरात ह्येच गाडयेतसून जातली. तुझ्या ह्या पॉलिशाच्या लोकरीच्या चाकान रंग खाल्ल्यान तर?"

"वरचो पातळ थर जातलो, ओरखड्यांसकट. ह्यो बगा, अर्धो बॉनेट झालो."

"तोंड दिसता रे. पैसे किती?"

"काय नको."

"फुकट? म्हणजे इंजिनातला कायतरी काढलंस. उघड बघया."

"उघडलंय. बगा."

"सगळा आसा. मगे फुकट कित्याक?"

"तुमच्या पणज्यान आमच्या कासमबाच्या नव्या होडयेक लाकूड कुसू नये म्हणून काजूच्या सालीचा तेल लावन दिल्यान, पैसो घेवूक नाय. कासमबान मरताना इब्राहिमाक सांगल्यान, तेणी माझ्या बापाशीक, बापाशीन माका."

"आमच्या घरात ह्या कोण बोलूक नाय."

"देणारो कित्याक बोलतलो?"

"आणि उद्या तुझो नातू माझ्या नातवाकडे काय मागूक येतलो?"

"कोण येवचो नाय, दाजीनु. उरलेलो अर्धो बॉनेट झालो की सगळा फिटला."